दुपारची नोंद

"आबा, दुपारची नोंद कोण घ्यायचं?"

कामिनीने हे इतक्या सहज विचारलं, की अभिमन आबांच्या तोंडून उत्तरही तितक्याच सहज निघून गेलं.

"कोण म्हणजे? मीच."

"सकाळची पण तुम्हीच आणि दुपारचीही तुम्हीच?"

"रजिस्टरवर सही कोणाची आहे? दोन्हीकडे माझीच ना?"

कामिनी लॅपटॉपकडे बघत राहिली. ती रावेरकडच्या केळीवाल्या घरातली, जळगावच्या विद्यापीठात पीएच.डी. करणारी मुलगी. तापमानाच्या जुन्या हस्तलिखित नोंदी गोळा करत खानदेशभर फिरत होती. आबांच्या घरी ही तिची तिसरी खेप. पहिल्या दोन वेळा ती पिठलं-भाकरी खाऊन, आबांच्या गोष्टी ऐकून हसत गेली होती. आज तिच्या चेहऱ्यावर काहीतरी अडलेलं दिसत होतं.

तेवढ्यात आतून ताईबाई चहा घेऊन आल्या. ओट्यावर दोन कप ठेवले आणि कामिनीला म्हणाल्या, "पोर, च्या पी ले, थंडा व्हई जाई." आबांकडे त्यांनी पाहिलं नाही. पदर सारखा करून आत निघून गेल्या.

"आबा, आम्ही कॉम्प्युटरला शेहेचाळीस केंद्रांचे आकडे दिले," कामिनी सांगू लागली. "कुणाचं नाव नाही, अक्षर नाही, नुसते आकडे. आणि त्याला शिकवलं, की एका माणसाने घेतलेले आकडे एका ढिगात घाल. बाकी केंद्रांवर माणूस बदलला तसा ढीग बदलला. तुमच्या केंद्राचे मात्र त्याने दोन ढीग केले. सकाळी सातचा एक आणि दुपारी दोनचा एक. एक्क्याण्णव सालापासून सतरापर्यंत. सव्वीस वर्षं."

"मशीन आहे ते. चुकत असेल."

"मलाही तसंच वाटलं. तीनदा तपासलं." तिने कप उचलला, पण प्यायली नाही. "आमचा लेख छापायला गेलाय. तिथल्या तपासणाऱ्याने विचारलंय, एका निरीक्षकाच्या केंद्रावर दोन माणसं कशी? खुलासा करा, नाही तर या केंद्राची दुपार वगळा."

"मग वगळा," आबा म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच जरा मोठा वाटला.

कामिनीने लॅपटॉप मिटला. दोन दिवस आपण धुळ्यात एका कॉलेजात आहोत, काही आठवलं तर फोन करा, असं सांगून ती साक्रीकडे जाणाऱ्या रिक्षात बसली.

साक्रीपासून पाच-सहा किलोमीटरवर सरकारी बियाण्यांचं एक केंद्र होतं. शहाऐंशी साली अभिमन बोरसे तिथे निरीक्षक म्हणून लागले. तारेच्या कुंपणात चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लाकडी पेटी, झडपांच्या खिडक्यांची, आणि तिच्यात पाऱ्याच्या नळ्या. सकाळी सात आणि दुपारी दोन या दोन वेळांना पेटी उघडायची, पारा कुठवर चढलाय ते बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं. पावसाळा असो, लग्नसराई असो, पोळा असो. क्वार्टर कुंपणापासून वीस पावलांवर होतं.

एक्क्याण्णव साली केंद्रातली माणसं कमी झाली आणि साहेबांनी आबांना दुपारभर चार किलोमीटरवरच्या गोदामावर बसवलं. "आणि दुपारची नोंद?" आबांनी विचारलं. "भर ना कशीही," साहेब म्हणाले. "काल चाळीस होतं, आज एकेचाळीस लिही. कोण बघायला येतंय?"

पहिले तीन दिवस आबांनी तसं केलं. चौथ्या दिवशी ते अर्धं जेवण टाकून उठले. ताईबाईंनी काय झालं ते काढून घेतलं आणि म्हणाल्या, "दुपारले मी दखसू. माले दखाडा, कसं दखतस ते."

"तुले आकडा येतस का?"

"शिकाडा."

ताईबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. सोनगीरच्या माहेरी भावंडं सांभाळण्यात बालपण गेलं होतं. आबांनी त्यांना शून्य ते नऊ शिकवले आणि मध्ये द्यायचा ठिपका शिकवला. नळीवर अर्ध्या अर्ध्या अंशाच्या रेघा असत. दोन रेघांमधली जागा नजरेने पाच भागांत तोडायची आणि पारा कुठल्या भागात आहे ते ठरवायचं. गोधडीचे टाके एकसारखे घालणाऱ्या बाईला हे काम आठवडाभरात जमलं. दोन वाजले की त्या डोक्यावर पदर घेऊन जायच्या, पेटी उघडायच्या, बघायच्या आणि घरी येऊन दाराच्या मागच्या बाजूला खडूने आकडा मांडायच्या. संध्याकाळी आबा तो रजिस्टरात उतरवत. अक्षर आबांचं, सही आबांची. साहेबांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बाहेर बोलू नको. सरकारी कामात घरची बाई, नोकरी जाईल."

आबा बोलले नाहीत. साहेबांनंतर पाच साहेब आले, तेव्हाही बोलले नाहीत.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात ताईबाईंची आई वारली. दोघं सोनगीरला गेले, तिसऱ्या दिवशी परतले. दाराच्या मागे दोन दुपारच्या जागा मोकळ्या होत्या. आबांनी खडू घेऊन एकीत बेचाळीस लिहिलं.

"कोनी दखं?" ताईबाईंनी विचारलं. आईला पोचवून आलेल्या, डोळे सुजलेले.

"कोनीच नई. पन इतलंच व्हई. सायेब बोंबलई."

"बोंबलू दे." त्यांनी पदराच्या टोकाने तो आकडा पुसून टाकला. "जठे नई दखं, तठे नई लिखं."

साहेब खरंच ओरडले. सव्वीस वर्षांत अशा अकरा दुपारी मोकळ्या राहिल्या आणि त्या अकराही वेळा आबांनी बोलणी खाल्ली.

आबांना एकदा धुळ्यात उत्कृष्ट निरीक्षक म्हणून शाल आणि प्रमाणपत्रही मिळालं होतं. भूषण, त्यांचा मुलगा, तेव्हा कॉलेजात होता, तो सोबत गेला. कार्यक्रम दुपारी होता, म्हणून ताईबाई गेल्या नाहीत. त्यांना त्या वेळी पेटी उघडायची होती.

कामिनी गेली त्या दिवशी संध्याकाळी घरात फारसं बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ताईबाई चिडल्या की भांडी आपटणाऱ्या बाई नव्हत्या. त्या नेहमीसारखंच वाढत, फक्त "अजून घ्या" म्हणत नसत. रात्रीच्या जेवणाला आबांनी दुसरी भाकरी मागितली, तेव्हा त्यांनी ती ताटात ठेवली आणि समोर बसल्या.

"ती पोर इतली लांबथून उनी. तिले खोटं कसाले सांगं?"

"तुले समजत नई. सरकारी काम शे ते. सव्वीस वरीस खोटी सही कयी मी. पेन्शन बंद करी टाकतीन."

"मंग 'माले याद नई' इतलंच सांगनं व्हतं. 'मीच' कसाले सांगं?"

आबा भाकरी मोडत राहिले.

"नाव नको माले," ताईबाई म्हणाल्या. "कव्हय मांगं बी नई. पन मी आठेच व्हतू ना, घरमा. मन्हा कानवर सांगं तुम्हीन." मग जरा थांबून, "मन्हा आकडा ती फेकी देई का?"

"हा. फेकना पडतीन तिले."

"बठ्ठा?"

"बठ्ठा. सव्वीस वरीसना."

ताईबाई उठल्या आणि ताकाचं भांडं घेऊन आल्या. त्यांनी आबांच्या पेल्यात ताक ओतलं. तेवढ्यात आबांना त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं. आई गेली तेव्हा ही बाई रडली होती, भूषणची नोकरी लागून तो पुण्याला निघाला तेव्हा रडली होती. आकड्यांसाठी रडताना ते तिला पहिल्यांदा बघत होते. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, की ताईबाई ते काम नवऱ्यासाठी करते. ते तिचं स्वतःचं काम होतं, हे त्यांना त्या ताकाच्या पेल्यासमोर कळलं.

बुधवारी सकाळी ते कुणाला न सांगता धुळ्याच्या एसटीत बसले.

कॉलेजात एका खोलीत कामिनी जुन्या रजिस्टरांचे फोटो काढत होती. आबांना बघून ती उठली, खुर्ची पुसून दिली. पाणी पिऊन होईपर्यंत आबा थांबले.

"दुपारची नोंद माझी बायको घ्यायची," ते म्हणाले. "एक्क्याण्णवपासून. तीन दिवस सोडून. एक्क्याण्णवच्या जूनमधले पहिले तीन दिवस मी मनाने लिहिलेत, ते तू काढून टाक."

आबांनी सगळं सांगितलं. साहेब, गोदाम, खडू, दाराची मागची बाजू, पुसलेला बेचाळीस. सांगून झाल्यावर कामिनी एकदम हसली आणि तिने दोन्ही हात तोंडावर धरले.

"त्या अकरा मोकळ्या जागा!" ती म्हणाली. "आबा, कित्येक केंद्रांवर एकही दिवस मोकळा नाही. वीस-वीस वर्षं एकही नाही. त्यावरूनच आम्हाला कळलं, की ते आकडे घरी बसून भरलेत. तुमच्या दुपारी मोकळ्या होत्या, म्हणून आमचा विश्वास बसला."

मग तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर दहा उभे खांब होते. "हे ठिपक्यानंतरचे आकडे. शून्य ते नऊ, कुठला किती वेळा आला. ही तुमची सकाळ." शून्याचा आणि पाचाचा खांब बाकीच्यांपेक्षा चांगलाच उंच होता. "पारा रेघेजवळ असला की माणूस रेघच लिहितो. सगळेच करतात. आणि ही दुपार."

दहाही खांब जवळजवळ सारख्या उंचीचे होते.

"पारा काही रेघ बघून थांबत नाही ना," कामिनी म्हणाली. "बघणारा खरंच बघत असेल, तर दहाही आकडे सारखेच यायला हवेत. आणि अजून एक. शेवटची दोन वर्षं तुमच्याकडे स्वयंचलित यंत्र बसलं होतं, त्याच्याशी ताडून बघितलं. सकाळचे आकडे दोन दशांशांनी जास्त येतात, रोज. दुपारचे अगदी बरोबर. ताईबाई उंचीने किती आहेत?"

आबांनी हाताने आपल्या खांद्याच्या खाली दाखवलं.

"बघा. त्यांची नजर पाऱ्यासमोर यायची. तुम्ही उंच, वरून बघत होतात. वाकायला हवं होतं."

"एकतीस वर्षं?" आबा म्हणाले.

"फार नाही हो. तेवढं दुरुस्त करता येतं."

आबांनी त्या सारख्या खांबांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "शेहेचाळीस केंद्रांत दुपारचा नंबर कितवा?"

"पहिला."

"आणि माझा? सकाळचा?"

कामिनी घुटमळली. "तुम्ही... बाविसावे."

आबा इतक्या मोठ्याने हसले, की शेजारच्या खोलीतला शिपाई डोकावून गेला.

कामिनीने पुढचं सांगितलं. लेखी निवेदन लागेल; नोंद घेणारीची सही आणि साक्षीदाराची सही. पश्चिम पट्ट्यात इतकी सलग आणि खरी दुपार दुसऱ्या कुणाकडे नाही. ती राहिली तर साक्रीकडचे उन्हाळे कसे बदलत गेले ते त्यांना छातीठोकपणे मांडता येईल. "पेन्शनचं मात्र मी काही सांगू शकत नाही, आबा. लेखात खरं तेच लिहावं लागेल."

"लिही," आबा म्हणाले.

परतताना ते साक्रीला उतरले आणि सरळ तालुक्याच्या कार्यालयात गेले. उद्या कुणी शोधत येण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. खिडकीत नीलेश नावाचा पंचविशीतला लिपिक बसला होता. आबांनी उभ्या उभ्या सगळा गुन्हा कबूल केला. नीलेशने शांतपणे ऐकून घेतलं, कपाट उघडून बघितलं, बंद केलं.

"आबा, ते केंद्र बंद होऊन सहा वर्षं झाली. साहेबही वारले ना तुमचे? तक्रार कोणाची, कोणाविरुद्ध, आणि पाठवू कुठे?"

"म्हणजे काहीच होणार नाही?"

"अर्ज द्या हवं तर. दप्तरी दाखल करतो."

आबांनी अर्ज दिला. पोच घेतली. बाहेर आल्यावर रसवंतीच्या बाकावर बसले आणि त्यांना हसूही येईना. ज्या भीतीपोटी तोंड शिवून घेतलं होतं, ती एका पोचपावतीत संपली होती. तीस वर्षांपूर्वी कुणाला विचारलं असतं, तरी कदाचित असंच झालं असतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

शेजारच्या दुकानातून त्यांनी शाईचं पॅड घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी ताईबाईंना बसवून सगळं सांगितलं. पहिला नंबर सांगितला, बाविसावाही सांगितला. बाविसाव्याला ताईबाई पदर तोंडाला लावून हसल्या. दोन दिवसांनी घरात कुणी हसत होतं. मग आबांनी पिशवीतून पॅड काढलं.

"हाई काय?"

"सोमवारले कामिनी येई राहिनी. कागदवर आंगठा लावना पडी तुले."

ताईबाईंनी पॅड हातात घेतलं, झाकण उघडून आतला निळा ओला कपडा बघितला आणि झाकण लावलं.

"आकडा लिखाले हात चाले," त्या म्हणाल्या, "आन नावले आंगठा?"

दहा आकडे आणि एक ठिपका. नोकरीला जेवढं लागलं, तेवढंच आबांनी तिला शिकवलं होतं. ज्या बाईने आठवडाभरात दशांश वाचला, तिला बाराखडी जड गेली असती का? संध्याकाळी रजिस्टर लिहिताना ती शेजारी बसून शेंगा फोडत असे. सव्वीस वर्षांच्या संध्याकाळी.

"तू कव्हय सांगं नई," ते पुटपुटले.

"तुम्हीन कव्हय पुसं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे आबांना ते जास्त लागलं. ते उठले, भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं, उलटं केलं आणि पेन्सिल शोधून आणली.

"आज बुधवार शे," ते म्हणाले. "ता, ई, बा, ई. ई दोनदाव येस. म्हंजे तीनच अक्षर."

"मंग बठा ना. उभा काय ऱ्हायनात?"

ता पहिल्याच संध्याकाळी आला. बा शुक्रवारी आला. ई मात्र ऐकेना. कधी त्याचं पोट फार फुगे, कधी वरचा रफार भलतीकडे जाई. ताईबाई पेन्सिल इतकी दाबून धरत, की कागद फाटे. शेजारच्या यशोदाबाई मिरच्या मागायला आल्या तेव्हा ताईबाईंनी कॅलेंडरचं पान भाकरीच्या डब्याखाली सरकवलं. त्या गेल्यावर पुन्हा काढलं. आबा शिकवता शिकवता चिडले, की त्या म्हणत, "बाविसावा नंबरना मास्तर शेतस तुम्ही, जरासा दमथून," आणि आबा गप होत. शनिवारी दुपारी, आबा आडवे झाले असताना, त्यांना स्वयंपाकघरातून हाक आली. कागदावर दोन ई होते, जोडीने, एकाच उंचीचे.

"बोरसे बी शिकाडू का?" आबांनी विचारलं. "उद्यानी रात व्हई, पन व्हई जाई."

ताईबाईंनी थोडा विचार केला. "नको. बोरसे तुमनं शे. ताईबाई मन्हं शे."

सोमवारी कामिनी आली. ओट्यावर पाट मांडून त्याच्यावर तिने टाइप केलेला कागद ठेवला आणि वाचून दाखवला. एक्क्याण्णवपासून सतरापर्यंत दुपारी दोनच्या तापमानाची नोंद खाली सही करणारीने स्वतः घेतली आहे, असं त्यात होतं. ताईबाईंनी ते दोनदा वाचायला लावलं. पहिले तीन दिवस वगळल्याचं वाक्य आलं तेव्हा मान हलवली.

"कोठे?" त्यांनी विचारलं.

कामिनीने जागा दाखवली. 'निरीक्षक' असं छापलं होतं आणि पुढे रेघ होती. तिच्याही नकळत तिने पर्समधून शाईचं पॅड अर्धं बाहेर काढलं होतं. आबांनी डोळ्यांनी खूण केली तशी तिने ते परत आत टाकलं.

ताईबाईंनी पेन घेतला. ता काढला. थांबल्या, पेन वर धरला, परत टेकवला. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, तो पार दिसेनासा होईपर्यंत पहिला ई चालला होता. कुणीही घाई केली नाही. चारही अक्षरं झाल्यावर त्यांनी वर रेघ ओढली, थोडी लांब, कागदाच्या कडेपर्यंत, आणि पेन आबांकडे दिला.

आबांनी सवयीने पेन त्याच ओळीवर नेला.

"आबा, तिथे नाही," कामिनी हळूच म्हणाली. "खाली. साक्षीदार."

आबांनी हात मागे घेतला. वरची शाई अजून ओली होती. ती वाळेपर्यंत ते थांबले. मग मनगट तिला लागणार नाही असं उचलून धरत त्यांनी खालच्या ओळीत सही केली.